संगणक मंदावला आहे आणि व्हायरसच्या सूचना सतत येत आहेत. फॉरमॅट करण्याआधी काय तपासावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज १० असलेला घरचा संगणक गेल्या काही महिन्यांपासून फार मंद चालतो आणि सुरू केल्यावर कामाला लागेपर्यंत बराच वेळ घेतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले', 'संरक्षणाची मुदत संपली' अशा सूचना उमटत राहतात आणि एकदा तर संपूर्ण पडदा लाल होऊन त्यावर मदतीसाठी फोन नंबर आला. घाबरून तुम्ही एक मोफत 'क्लीनर' डाउनलोड केला, त्याने शेकडो दोष दाखवले आणि ते दुरुस्त करण्यासाठी पैसे मागितले. आता पैसे भरावेत, संगणक फॉरमॅट करावा की नवाच घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

यांपैकी काहीही आज करू नका. दोन्ही तक्रारी एकाच सुमारास लक्षात आल्या म्हणजे त्यांचे मूळ एकच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु माझ्या अनुभवात ती बहुधा दोन स्वतंत्र दुखणी असतात. सूचनांचा उगम ब्राउझरमध्ये असतो आणि मंदपणाचा उगम बहुतेक वेळा हार्ड डिस्कमध्ये. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की वेळ आणि पैसा दोन्ही जातात आणि दुखणे जागच्या जागी राहते.

कशालाही हात लावण्यापूर्वी मात्र एक काम करावे. छायाचित्रे, कागदपत्रे आणि जे पुन्हा मिळणार नाही असे सर्व काही बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. कॉपी करताना संगणक मध्येच अडकत असेल किंवा आतून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर व्हायरसची तपासणीही लांबणीवर टाका आणि आधी महत्त्वाच्या फाइली वाचवा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर पूर्ण स्कॅन चालवणे म्हणजे तिच्याकडून उरलेसुरले काम नको त्या ठिकाणी करवून घेणे होय.

आता सूचनांकडे वळू. पुढच्या वेळी कोपऱ्यात सूचना आली की ती लगेच बंद करू नका, तिच्यावर क्लिकही करू नका. फक्त नीट वाचा. ठळक अक्षरांतला मजकूर आणि लाल ढालीचे चित्र हे लक्ष वेधण्यासाठी असते. तुम्हाला हवी असलेली माहिती त्याच्या आजूबाजूला लहान, फिकट अक्षरांत असते: ब्राउझरचे नाव आणि त्यासोबत कधीही न ऐकलेल्या एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता. तो पत्ता दिसला की प्रश्न बराचसा सुटला असे समजा. ती सूचना विंडोजने दिलेली नाही आणि कोणत्याही अँटीव्हायरसनेही दिलेली नाही. एका संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मिळाली आहे आणि ते तिचा वापर जाहिरातीसाठी करत आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही परवानगी कशी दिली गेली हे बहुतेकांना आठवत नाही, कारण ती फसवून घेतलेली असते. एखादा चित्रपट किंवा फाइल शोधताना एक पान उघडते आणि 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगते. खऱ्या पडताळणीत नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागितली जात नाही. एकदा ते बटण दाबले गेले की संकेतस्थळ बंद केले तरी सूचना येत राहतात, आणि ब्राउझर पार्श्वभूमीला चालू राहत असेल तर त्याची खिडकी उघडी नसतानाही त्या उमटतात. अँटीव्हायरसला यात बहुधा काही सापडत नाही, कारण संगणकावर कोणती हानिकारक फाइल आलेलीच नसते. नेहमीच्या पद्धतीने हिस्टरी पुसूनही ही परवानगी जात नाही. त्यामुळे 'सगळे करून पाहिले, तरी व्हायरस जात नाही' अशी अनेकांची समजूत होते.

उपाय साधा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' येथे जा. ज्यांना परवानगी आहे अशा संकेतस्थळांची यादी तेथे दिसेल. अनोळखी असलेले प्रत्येक नाव काढून टाका. एज आणि फायरफॉक्स यांच्या सेटिंग्जमध्येही 'नोटिफिकेशन्स' हा शब्द शोधला की अशीच यादी सापडते. त्याच जागी नव्या विनंत्या मुळीच येऊ नयेत अशी सोय आहे आणि ती चालू करावी असे मी आग्रहाने सांगेन. ज्येष्ठ माणसे वापरत असलेल्या संगणकावर तर ती असायलाच हवी.

लाल झालेला पूर्ण पडदा हेही एक वेबपानच असते. ते फुल स्क्रीन होते, भोंगा वाजवते, माउसचा बाण दिसेनासा करते आणि त्यामुळे संगणक कुलूपबंद झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी एस्केप कळ काही क्षण दाबून धरा. तेवढ्याने भागले नाही तर ऑल्ट आणि एफ ४ एकत्र दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू असलेले प्रोग्राम दाखवणारे विंडोजचे साधन) उघडा व ब्राउझर तेथून बंद करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पाने परत आणू का असे विचारील. त्याला नकार द्या. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या कोणत्याही त्रुटीसंदेशात किंवा इशाऱ्यात फोन नंबर नसतो. म्हणून पडद्यावर नंबर दिसला की तो इशारा खोटा आहे, हे एवढ्यावरूनच ठरवता येते.

तुम्ही त्या नंबरवर फोन केला होता की नाही, हे प्रश्नात लिहिलेले नाही. केला असेल तर संकोच करू नका, कारण ही फसवणूक फार सराईतपणे केली जाते. पलीकडचा माणूस दुरून संगणक हाताळण्याचे एखादे सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही मुळात चांगल्या कामाची साधने आहेत, पण तीच येथे वापरली जातात. मग तो विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि हे सर्व व्हायरसचे पुरावे आहेत असे सांगतो. प्रत्यक्षात अशा नोंदी अगदी धडधाकट संगणकातही असतात. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला तरी नोंद होते. कोणाला असा प्रवेश दिला गेला असेल, तर संगणकाचे इंटरनेट ताबडतोब तोडा, ते सॉफ्टवेअर काढून टाका, बँकेला स्वतः फोन करून कळवा आणि ईमेलपासून सुरुवात करून सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

त्या क्लीनरविषयी माझे मत ठाम आहे: पैसे भरू नका आणि तो काढून टाका. असे प्रोग्राम साध्या कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी), तात्पुरत्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जेथे साठवते तेथल्या, निरुपयोगी पण निरुपद्रवी नोंदी मोजतात आणि त्या सगळ्यांना 'दोष' म्हणतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि अशा सफाईमुळे विंडोज बिघडू शकते. तपासणीचा निकाल किती पोकळ असू शकतो याचे एक जाहीर उदाहरण आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये 'ऑफिस डेपो' ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी 'सपोर्ट डॉट कॉम' ही कंपनी यांनी फेडरल ट्रेड कमिशन या तेथील ग्राहकहिताच्या सरकारी आयोगाच्या आरोपांनंतर मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाचे म्हणणे असे होते की तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात, संगणक मंद झाला आहे का, व्हायरसच्या सूचना येतात का अशा स्वरूपाचे, आणि त्यांतल्या एकावरही खूण केली की मालवेअरची (व्हायरससारख्या हानिकारक प्रोग्रामची) लक्षणे आढळल्याचा निकाल येई. प्रत्यक्ष स्कॅनचा त्या निकालाशी संबंधच नव्हता.

सेटिंग्जमधील 'ॲप्स' येथे प्रोग्रामांची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावून पाहा. क्लीनरच्या आगेमागे त्याच दिवशी आलेली, तुम्ही न मागितलेली आणखी एक-दोन नावे दिसण्याचा बराच संभव आहे, तीही काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, तीही तपासा. विशेषतः कूपन, पीडीएफचे रूपांतर किंवा 'जलद शोध' अशा नावांची जी एक्स्टेन्शन्स तुम्हाला आठवत नाहीत, त्यांना ठेवण्याचे काही कारण नाही. यानंतर विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर या अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा आणि मग त्याचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या प्रोग्रामांनाही जागा राहत नाही. दुसरे मत हवे असेल तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस मात्र एकाच संगणकावर ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक आणखी मंदावतो.

एवढे झाल्यावर सूचना थांबतील. मंदपणा कदाचित थोडाही कमी होणार नाही, आणि तसे झाले तर निराश होऊ नका, कारण त्याचे कारण आपण अजून शोधलेलेच नाही.

प्रथम संगणक 'रीस्टार्ट' करा. नेहमीच्या 'शट डाउन'ने हे साधत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत आणते. रोज संगणक बंद करणाऱ्यांच्याही संगणकात जुना अडथळा त्यामुळे आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. रीस्टार्टनंतर टास्क मॅनेजर उघडा, सविस्तर दृश्य निवडा आणि संगणक कण्हत असताना वरच्या ओळीतील सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांच्या टक्केवाऱ्या पाहा.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की सीपीयू दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल आणि डिस्कचा रकाना शंभरावर चिकटलेला असेल. हे जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचे नेहमीचे लक्षण आहे. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि विखुरलेली माहिती वाचताना तिच्या वाचनशीर्षाला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष हलून त्या जागी जावे लागते, त्यामुळे सेकंदाला शंभर-दीडशेच्या पलीकडे असे तुकडे ती वाचू शकत नाही. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने हाच आकडा हजारोंच्या घरात जातो. संगणक सुरू होताच अपडेट, डिफेंडर, शोधाची अनुक्रमणिका आणि आपोआप चालू होणारे डझनभर प्रोग्राम एकाच वेळी या डिस्ककडे धाव घेतात, आणि सगळे जण तिच्यापाशी खोळंबतात. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात डिस्क एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी हे दिसते. एचडीडी असेल, तर एसएसडी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने पडणार नाही, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. तत्पूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने जुन्या डिस्कचे आरोग्य पाहून घ्या. 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसले तर दिरंगाई करू नका.

मेमरीचा रकाना ऐंशी-नव्वदच्या वर असेल आणि रॅम (म्हणजे हीच मेमरी) ४ जीबीच असेल, तर रॅम वाढवावी. तोपर्यंत ब्राउझरमधील टॅब कमी ठेवावेत. 'स्टार्टअप' विभागातील ज्या प्रोग्रामांची सुरुवातीपासून गरज नाही ते 'डिसेबल' करावेत. त्याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर जागा मोकळी करावी. संगणकावर काहीही उघडे नसताना सीपीयू चढलेला राहत असेल, तर तो कोणत्या प्रोग्राममुळे चढतो ते पाहावे, आणि पंखा मोठ्याने घोंगावत असेल तर आतली धूळ काढावी, कारण फार तापलेला सीपीयू स्वतःहून आपला वेग कमी करतो.

नवा संगणक घेण्याविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तुमचा संगणक विंडोज ११ च्या अटींत, विशेषतः टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि प्रोसेसरच्या अटींत, बसत असेल तर एसएसडी आणि रॅमवर खर्च करणे नक्कीच योग्य आहे. बसत नसेल, तर तोच पैसा नव्या संगणकासाठी राखून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि एसएसडी घ्यायचीच झाली तर ती पुढे बाहेरची डिस्क म्हणून उपयोगी पडेल.

हे सर्व करूनही स्कॅनमध्ये पुन्हा पुन्हा तेच मालवेअर सापडत असेल, तर मात्र फॉरमॅट करावे. विंडोज थेट मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घ्यावे; डिजिटल परवाना संगणकाच्या हार्डवेअरशी जोडलेला असल्यामुळे तो सहसा आपोआप परत लागू होतो. फॉरमॅट करण्याआधी ब्राउझरच्या सिंक केलेल्या (सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स ऑनलाइन जपणाऱ्या) खात्यातून नको असलेली एक्स्टेन्शन्स काढायला विसरू नका, नाहीतर कोऱ्या विंडोजवर खात्यात लॉगिन करताच ती पुन्हा येऊन बसतील.