प्रदर्शनाआधीच रद्द झालेल्या कोणत्या व्हिडिओ गेमची तुम्हाला सर्वांत जास्त हळहळ वाटते?

'सायलेंट हिल्स' या भयावह गेमची. कारण त्याची चव आधीच चाखायला मिळाली होती.

ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर 'पी.टी.' नावाचा छोटासा गेम फुकट आला. घरातला एक पॅसेज, काटकोनात वळणारा, आणि टोकाला दार. दार उघडून पुढे जावं, तर पुन्हा त्याच पॅसेजच्या सुरुवातीला! पण दर फेरीला काहीतरी बदललेलं. बाथरूमचं दार किंचित किलकिलं, रेडिओवर खुनाची बातमी, नंतर तर छताला टांगलेला फ्रीज हेलकावे खातोय. एवढ्याशा जागेत इतकी भीती मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिली नाही.

शेवटी उलगडा होतो: ही गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स'ची झलक, नायक अभिनेता नॉर्मन रीडस. एप्रिल २०१५ मध्ये गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीने 'सायलेंट हिल्स' रद्द केला आणि 'पी.टी.'ही प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. ज्यांनी एकदा उतरवून नंतर डिलीट केला, त्यांनाही तो परत मिळेना. मला खरा राग याचाच आहे. मोठा गेम नाही झाला, ठीक; पण जे पूर्ण तयार होतं ते तरी लोकांकडे राहू द्यायचं!

कोजिमा पुढे कोनामीतून बाहेर पडले. रीडसला घेऊन त्यांनी २०१९ मध्ये 'डेथ स्ट्रँडिंग' आणला. चांगला आहे, पण तो पॅसेज वेगळाच.