कोण कितव्या पानावर मरतं?

कमी बजेटच्या स्लॅशरची (खुनी एकेका पात्राला मारत जातो असा भयपट) स्क्रिप्ट झाली म्हणतोस, तर आधी कागदावर मरणाचा क्रम लिही. कोण कितव्या पानावर जातं, आणि त्याआधी त्याच्या वाट्याला किती वाक्यं येतात? एकुलतं एक कृष्णवर्णीय पात्र बाराव्या पानावरच संपत असेल, तर तू जुनाच साचा गिरवतोयस. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटात (स्लॅशर नव्हे, पण बजेट तुटपुंजंच) कृष्णवर्णीय अभिनेता डुएन जोन्स नायक झाला तो ऑडिशन सरस दिली म्हणून. कास्टिंग असं खुलं ठेवायला पैसे लागत नाहीत.

लाइटिंगला मात्र डोकं लागतं. रात्रीच्या सीनमध्ये सावळा चेहरा अंधारात विरघळतो. थेट दिवा मारू नकोस, बाजूला पांढरा थर्माकोल धरून त्यावरून उजेड परतव, गालावर छान चकाकी येते. नकली रक्तही थोडं उजळ कालव, नाहीतर पडद्यावर नुसता ओला डाग दिसतो.