पाच-तीन-दोनला तीनच गडी

इंदूर, मार्चचा पहिला आठवडा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. मे महिन्याचे ३१ रकाने, प्रत्येकात सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि आई-बाबा पोचतात त्याच रात्री सराफा, तो रात्रीचा खाऊबाजार. त्याखाली तुझी ओळ: "काकू, गेल्या वर्षी आई-बाबा महिनाभर राहिले, पण मुलं त्यांच्याजवळ फिरकलीच नाहीत. कुठे चुकलं कळत नाही." ती ओळ वाचली आणि तक्ता बाजूला ठेवला. तूही ठेव.

चुकलं ते हे, की तू मध्ये होतीस. मोठी हिंदीत काही बोलली की आजीला मराठीत सांगायला तू, आजी रागावली की नातीची समजूत घालायला तू, आजोबा चालायला निघाले की बरोबर तू. चौघांमधल्या प्रत्येक वाटेवर तू उभी. या पत्रात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस: तयारी सगळी तू कर, आणि मग मध्ये पडू नकोस.

तयारी म्हणजे काय, ते आधी.

तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात यायचं तर खिडकी आत्ताच उघडते आहे. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढ, दोघांचंच. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एकट्याला किंवा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांना. तिसरं नाव घातलंस, अगदी भावाचं घातलंस तरी, तो कोटा गेला आणि बाबा मधल्या बर्थवर. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती शोधत बसू नकोस.

औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीची आणायला सांग आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून आणू दे. साताऱ्याच्या दुकानातलं गोळीचं नाव इथे मिळेलच असं नाही, मूळ नाव मात्र सगळीकडे चालतं. बाबांच्या इन्सुलिनचं: न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये. बर्फाच्या कप्प्याजवळ चुकूनही नको, एकदा गोठलं की ते फेकायचंच. प्रवासात थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट टेकवून नाही. आईची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना उन्हाळ्याबद्दल विचारून घ्या. इथे आल्यावर "बरं वाटतंय" म्हणून गोळी स्वतःच कमी करणं, हे दर मेमध्ये कुठल्या ना कुठल्या घरात होतं.

खोली. गेल्या वर्षी तू त्यांना वरची खोली दिलीस, "निवांत" म्हणून. गच्चीखालची खोली मेमध्ये निवांत नसते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि वर जिना. या वर्षी त्यांना खालची पूर्वेची खोली दे, तुम्ही वर जा. कूलर खिडकीत बसव, बाहेरची हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकटतं, म्हाताऱ्या माणसाला जड श्वास लागतो, आणि मग सगळे कूलरला दोष देतात. आपल्या या मालव्याच्या कोरड्या मेमध्ये कूलर उत्तम चालतो. जूनच्या मध्याला पावसाळी हवा आली की तो कामाचा नाही. मालव्याच्या रात्री उतरतात, म्हणून मध्यरात्रीनंतर पंप बंद, नुसता पंखा. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची. पाणी बदलणं पुरत नाही, डासांची अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

न्हाणीघरात रबरी पायपुसणं, कमोडच्या उजव्या हाताला पक्का दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा. धाकट्याच्या गाड्या संध्याकाळी टोपलीत गेल्याच पाहिजेत. म्हातारपणी तहान उशिरा लागते, म्हणून उशाशी तांब्या-भांडं. पाणी मागण्याची वाट बघायची नाही. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अंदाजाने अर्धं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पण ते सरबत म्हणून रोज प्यायला देऊ नकोस, आईला रक्तदाब आहे. कुणी असंबद्ध बडबडायला लागलं, अंग तापून निघालं, तर आधी ओलं कापड आणि पंखा, लगेच १०८.

झालं. इथे तुझं काम संपतं.

आता ऐक. आईला आणि बाबांना मुलांबरोबर रोज एकेक काम दे. एकच. रोज तेच, त्याच वेळी, पूर्ण होईपर्यंत. आणि त्या वेळात तू त्या खोलीत नसायचं.

आईचं काम गच्चीवर, सकाळी साडेसहा ते साडेआठ. इंदूरचं मेमधलं कोरडं ऊन वाळवणासाठीच केलेलं आहे, आणि तू पापड्या विकत आणतेस याचं मला वाईट वाटतं. साबुदाण्याच्या पळीपापड्यांपासून सुरुवात करा, कारण त्यात चार वर्षांच्या हातालाही काम आहे. दोन वाट्या साबुदाणा दोनदा धुऊन, वर बोटभर पाणी राहील असा रात्रभर भिजवायचा. सकाळी आठ वाट्या पाण्याला उकळी, त्यात मीठ, जिरं, मग साबुदाणा. मध्यम आचेवर ढवळत राहायचं, दाणा काचेसारखा दिसेपर्यंत. मधे पांढरा ठिपका राहिला तर ती पापडी तळल्यावरही दाताला लागते. मीठ गरम खिरीला कमी वाटेल इतकंच घालायचं, पाणी उडून गेलं की तेच मीठ दुप्पट लागतं. थोडं कोमट होऊ द्यायचं, नाहीतर खाली अंथरलेलं पातळ प्लास्टिक आकसतं. मग पळीपळीने घालायच्या. पहिल्या संध्याकाळी कडा सुटल्या की उलटायच्या, वर आईचं जुनं सुती लुगडं पांघरायचं, दुपारच्या वावटळीची धूळ बसते. दोन दिवसांनी मोडून बघायची: कट्‌ आवाज आला तर डब्यात, वाकली तर परत उन्हात. वाकणारी एक जरी डब्यात गेली तर आठवड्यात बुरशी.

मोठी घालेल त्या पापड्या मधे जाड, कडेला फाटक्या. धाकटा एकावर एक घालेल. तुझा हात शिवशिवेल, चमचा घेऊन सारख्या करायला जाशील. नको. ती जाड पापडी तिसऱ्या दिवशीही वाकेल, बाकीच्या डब्यात गेल्या तरी तिची एकटी उन्हात राहील, आणि मोठी आजीला विचारेल, का? आजी काय सांगायचं ते सांगेल. तो प्रश्न तुझ्याकडे येऊ देऊ नकोस.

आजोबांचं काम संध्याकाळी. नातीबरोबर नाक्यापर्यंत जायचं, शेव नाहीतर दूध आणायचं. पैसे नातीकडे. इथे आजोबा परके आहेत. दुकानदाराशी हिंदीत ती बोलेल, जिरावण मसाला कुठला घ्यायचा ते ती सांगेल. सात वर्षांच्या मुलीला असा मोठेपणा दुसरं कोण देणार? आणि परतीच्या वाटेवर हिशेब. बाबा अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांचे आहेत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत त्यांना येत असणार. २८० रुपये किलोची शेव पाव किलो घेतली तर किती, हे त्यांना तोंडी येतं. तिला शाळेत अपूर्णांक आले नसतील, तरी पाव आणि अर्धा तिच्या हातातल्या पुड्यात आहे.

भाषेचं तुला फार वाटतं, म्हणून सांगते. भाषांतर करू नकोस. ती "ढाई" म्हणेल, ते "अडीच" म्हणतील, दोन दिवसांत दोघांना दोन्ही येईल. ती कौतुकाने "शिक्षा" म्हणेल आणि आजी दचकेल, ती "चेष्टा" म्हणेल आणि आजोबांना वाटेल थट्टा चालली आहे. त्यांना अडखळू दे. तू धावत येऊन अर्थ सांगितलास की दोघंही तुझ्याकडे बघतात, एकमेकांकडे बघायचं थांबतात. मध्ये पडू नकोस.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण माझ्या हातून नेमकं उलटं झालं. माझी आई आणि माझी मुलगी यांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून झालं. मी दोघींना जपत होते, हे आजही म्हणेन. आईचा श्वास खरंच अधू होता, मुलगी खरंच हट्टी होती, आणि घरात करणारी मी एकटीच होते. पण जपणं आणि मध्ये उभं राहणं यांत फरक असतो, तो मला कुणी सांगितला नाही. तुला मी सांगते आहे, तेव्हा रुसू नकोस.

मध्ये पडायची मुभा दोनच ठिकाणी: औषध आणि धोका. उकळतं तेल, गच्चीचा कठडा, रस्ता. आजीने धाकट्याला जेवणाआधी लाडू दिला, हा धोका नाही. आजोबांनी गृहपाठाची वही बाजूला ठेवून घोड्याची गोष्ट सांगितली, हा तर मुळीच नाही.

आणि दुसरीकडून अन्याय नको. आई-बाबा आले म्हणून पाळणाघर बंद, स्वयंपाकाच्या ताईंना सुट्टी, असलं काही केलंस तर हे पत्र परत पाठव. अडुसष्टाव्या वर्षी चार वर्षांच्या पोरामागे दिवसभर धावता येत नाही. सकाळचे दोन तास, दुपारचा एक, संध्याकाळचा एक, बस. बाकीचा धाकटा तुझा आणि जावईबापूंचा. आई स्वयंपाकघरात शिरेलच. एक भाजी तिची, बाकी ताईंची, हे पहिल्याच दिवशी ठरव.

दुपारी बारा ते चार कुणी घराबाहेर पडायचं नाही, आणि याच वेळात मुलं मोबाईल घेतात. पत्ते काढा. पाच-तीन-दोन. त्याला तीनच गडी लागतात, तीस पानं, दहा-दहा. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन, आणि डावागणिक पाळी फिरते. आजी, आजोबा, मोठी. धाकटा आजीच्या मांडीवर बसून तिची पानं धरेल आणि मोठ्याने सांगूनही टाकेल. चौथ्याला जागा नाही. तुला तर नाहीच, तू झोप.

फिरण्याचं थोडक्यात. तुझ्या तक्त्यात महेश्वर, ओंकारेश्वर, मांडू, उज्जैन सगळं आहे. मेमध्ये महेश्वर दिवसा नको. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. घाट उतरून खाली निमाडात, महेश्वरच्या मुलखात गेलं की उंची खूप कमी होते आणि ऊन तितकंच चढतं, नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. जायचंच असेल तर पहाटे पाचला निघा, दर्शन घेऊन अकराच्या आत घाट चढून परत. बाकीची तीन ठिकाणं हिवाळ्यात. सराफा एकदाच, आठवड्याच्या मधल्या वारी. तिथे बसायला जागा नाही, तासभर उभं राहून आईचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात.

राजवाडा मात्र संध्याकाळी सहानंतर, शक्य तर ३१ मेला. अहिल्याबाईंची जयंती असते, जन्म १७२५चा. समोरच्या बागेत त्यांच्या पुतळ्याजवळ आजोबांना आणि नातीला बसव आणि तू धाकट्याला घेऊन लांब जा. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर, आणि चौंडीची मुलगी इथली मालकीण झाली, हे साताऱ्याच्या माणसाने इंदूरच्या मुलीला सांगायचं आहे. तुला ते जास्त चांगलं सांगता येतं, मला माहीत आहे. तरी तू नको.

पापड्यांचा अर्धा डबा आजीबरोबर साताऱ्याला जाऊ दे. मोजून मोठीच भरेल. तिची ती जाड पापडीही त्यात जाईल, काढून ठेवू नकोस.

तिकीट आज बघ. पत्त्यांचा नवा कॅट आण, जुन्यात चौकटची राणी नाही म्हणालीस. दुऱ्या ते छक्क्या सगळ्या काढून ठेव. सत्त्या दोनच ठेवायच्या, इस्पिकची आणि बदामची.

तुझी,
काकू