सोल्युशन वाचलं की कळतं, स्वतः सोडवायला घेतलं की सुचत नाही

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली की इंजिनिअरिंगची मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच तक्रार घेऊन येतात. "मॅडम, सोडवलेलं गणित वाचलं की सगळं कळतं. स्वतः बसलो की डोकं ब्लँक." बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलंही हेच सांगतात. मागोमाग पालकांचा फोन येतो: बारावीपर्यंत एवढा हुशार होता, आता काय झालं? म्हणून एका मुलाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तो मराठवाड्यातून पुण्यात आलेला. सीईटीला उत्तम पर्सेंटाइल. इथे मात्र असाइनमेंट मित्राच्या पीडीएफवरून उतरवायची, सबमिशन उरकायचं आणि परीक्षेत पेपर जवळजवळ कोरा द्यायचा, असं चाललेलं. "मी इंजिनिअर व्हायच्या लायकीचाच नाही," असं तो मान खाली घालून म्हणाला. त्यावर वाद न घालता मी त्याला पुढच्या वेळी न सुटलेलं एक गणित घेऊन यायला सांगितलं.

त्याने मेकॅनिक्समधलं शिडीचं गणित आणलं. ५ मीटरची शिडी, वजन २०० न्यूटन, गुळगुळीत भिंतीला टेकलेली, पाय भिंतीपासून ३ मीटरवर. शिडी घसरू नये म्हणून जमिनीचा घर्षणांक किमान किती हवा? त्याने ते वाचलं आणि लगेच त्याचा हात मोबाइलकडे गेला.

"काय बघतोयस?"

"सोल्युशन."

"आकृती काढलीस?"

"आधी मेथड कुठली ते तर कळायला हवं ना!"

त्याची अडचण मला तिथे दिसली. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. दोन वर्षं मुलं त्याचीच तयारी करतात. प्रश्न पाहिला की सूत्र आठवायला हवं, नाही आठवलं तर पुढचा प्रश्न. इंजिनिअरिंगचं गणित मात्र पहिली काही मिनिटं कुणालाच धड दिसत नाही. या मुलाने त्या मिनिटांचा अर्थ 'मी ढ आहे' असा लावला होता.

"मी मानसशास्त्राची," मी म्हटलं. "मेथड राहू दे. शिडीला कोण कोण ढकलतंय, तेवढं मला दाखव."

त्याने तिरकी रेघ ओढली. मध्यावर खाली जाणारा बाण, २०० न्यूटन. तळाशी जमिनीचा वरचा बाण. वर भिंतीचा आडवा.

"भिंत वरच्या बाजूला का नाही ढकलत?"

तो बराच वेळ गप्प. "गुळगुळीत दिलीय. घर्षण नाही."

"मग शिडीचा पाय बाहेर का सरकत नाही?"

पुन्हा शांतता. अशा वेळी मदत करायचा मोह फार होतो, पण मी बोलले नाही. तो मान वर न करता पुटपुटला, "खालचं घर्षण..." आणि तळाशी भिंतीच्या दिशेने एक बाण काढला. मग त्याचा हात थांबलाच नाही. भिंतीवरची उंची ४ मीटर. पायाशी मोमेंट (बलांचा शिडी फिरवण्याचा जोर) घेतले: २०० गुणिले १.५ बरोबर भिंतीचा रेटा गुणिले ४. रेटा ७५ न्यूटन, म्हणून घर्षणही ७५. जमिनीची प्रतिक्रिया २००. घर्षणांक ७५ भागिले २००, म्हणजे ०.३७५.

"बघू उत्तर मागे?" मी विचारलं.

"नको. बरोबरच आहे. आडवी बलं जुळतायत."

त्याचं ते "नको" मला उत्तरापेक्षा मोलाचं वाटलं. मी त्याला मेकॅनिक्समधलं काहीच शिकवलं नव्हतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला मदत करते. न सुचण्यापेक्षा 'लगेच सुचलंच पाहिजे' हा हट्ट माणसाला जास्त अडवतो, हे मी समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहते. पुढच्या भेटी आम्ही त्या हट्टावरच घालवल्या.

सोल्युशन वाचण्यात पाप काहीच नाही, वाचायचं कसं तेवढं बदला. गाडीवर मागे बसून दहादा गेलेल्यालाही हँडल हातात आलं की वळण सापडत नाही, तसंच हे. १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ मिशेलीन ची (Chi) यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेकॅनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचाच अभ्यास केला होता. पुढे चांगली गणितं सोडवणारे विद्यार्थी सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरीचं कारण स्वतःला सांगत होते आणि आपल्याला कुठे कळलं नाही हेही ओळखत होते. बाकीच्यांना मात्र बहुतेक वेळा कळल्यासारखंच वाटत होतं.

म्हणून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आधी आकृती काढा. दिलेलं काय, हवंय काय, ते एककांसह लिहा. वीसेक मिनिटं खटपट करूनही अडलात तर सोल्युशनची फक्त पुढची ओळ बघा, झाका, पुढे जा. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. ही पायरी बहुतेक मुलं गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच आहे. सरांकडे जाताना "काहीच कळत नाही" म्हणू नका. "घर्षणाची दिशा कशी ठरवायची?" असं नेमकं विचारलंत तर सरही मनापासून सांगतात.

पालकांनी बारावीचे मार्क तेवढे काढू नयेत. आज कुठे अडलं, हे विचारावं आणि ऐकून घ्यावं. मूल जेवण-झोप सोडून बसलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मात्र विषय गणिताचा राहिलेला नसतो. तेव्हा परीक्षा संपायची वाट न पाहता तज्ज्ञांना गाठावं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

हा मुलगा मेकॅनिक्समध्ये सुटला. एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, केटी लागली (विषय राहिला), आणि ती गणितं तो सध्या पीडीएफ न उघडता सोडवतोय.