'ससे बघता का?' एवढंच विचारून थांबू नका

मुलुंडच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. ससा कालपासून गवताला तोंड लावत नाही, कुबड काढून कोपऱ्यात बसलाय, आणि जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन देऊन 'गॅस झाला असेल, दोन दिवस बघू' म्हणून परत पाठवलं. दोन दिवस बघू नका. १२ तास खाणं बंद आणि लेंड्याही थांबलेल्या, म्हणजे सशासाठी ती इमर्जन्सीच. आजच दुसरीकडे न्या. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं ससे पाळतेय, त्या अनुभवावर सांगते.

आता तुमचा मूळ प्रश्न, मुंबईत सशासाठी चांगला डॉक्टर कसा शोधायचा. फोन करून 'ससे बघता का' विचारलं की बहुतेक ठिकाणी 'हो' म्हणतात. आमच्या चिंगीच्या वेळी एका दवाखान्याने असंच 'हो' म्हटलं होतं. टेबलावर घेतलं, वरचा ओठ उचलून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पुढचे दात बघितले आणि दात उत्तम म्हणाले. दाढा बघितल्याच नाहीत. सशाच्या दाढा आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना टोकं येऊन जीभ-गाल सोलवटतात. ते बघायला तोंडात ओटोस्कोप (कान तपासायची दिव्याची नळी) घालावा लागतो, आणि तरी कधीकधी भूल देऊन नीट तपासावं लागतं. ते राहिलं बाजूलाच. हातात दिलं ते लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप, पावडरच्या बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं असतं ना, तेच. कुत्र्याला चालतं म्हणून सशालाही.

सशाचं पचन चालतं सीकममधल्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या जिवाणूंवर. पेनिसिलिनच्या जातीची औषधं (अमॉक्सिसिलिन त्यातलंच) तोंडावाटे गेली की त्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि जुलाब सुरू होतात. चिंगीचं अगदी तसंच झालं. मागचे पाय पार भिजलेले, कान गार. तिला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि आधी ते बंद करायला सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. त्या दवाखान्यात नंतर जाऊन विचारलं, तर 'ससे नाजूकच असतात' एवढं ऐकून परत यावं लागलं. हे आठवलं की अजूनही संताप होतो. ससा नाजूक आहे म्हणूनच तर डॉक्टरकडे आणतो ना आपण?

त्यामुळे फोनवरच प्रश्न विचारा, रिसेप्शनवर नाही, थेट डॉक्टरांना. ऑपरेशनच्या आधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं? सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते, उलट आतडी थांबायची भीती. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं तर मी तरी फोन ठेवते. तोंडावाटे कोणतं अँटिबायोटिक देता, तेही विचारा. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम ऐकू आलं तर ठीक. (पेनिसिलिनचं इंजेक्शन काही जाणकार डॉक्टर गळवासाठी देतात, ती गोष्ट वेगळी. ते ऐकून घाबरू नका.) महिन्याला साधारण किती ससे येतात, माद्यांची नसबंदी करता का, हेही विचारा. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर खूप आढळतो, आणि हा विषय स्वतःहून काढणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो.

प्रश्न विचारल्यावर चिडणारा डॉक्टर नको. माझं मत आहे, कुणाला पटणार नाही.

परळला प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, त्याच्या शेजारीच व्हेटरनरी कॉलेज. मुलुंडहून लांब पडतं हे कबूल, पण जवळ कुणी धड मिळत नसेल तर तो पर्याय डोक्यात असू द्या. निघण्याआधी फोन करून ससे बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा, नाहीतर रांगेत भुंकणाऱ्या कुत्र्यांमध्ये ससा अर्धा मरतो भीतीने. पिंजऱ्यावर चादर टाका. ऊन असेल तर पाण्याची गोठवलेली बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून आत ठेवा. त्याचं नेहमीचं गवत आणि शेवटच्या लेंड्या डबीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.

जाता जाता: गोचीड-पिसवांसाठी कुणी कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब दिले तर अजिबात लावू नका, सशाला ते विष आहे. आणि पावसाळ्यात टिमोथीच्या (सशाच्या सुक्या गवताच्या) पिशवीला कुबट वास आला तर पैशांकडे न बघता फेकून द्या.

आज नेल्यावर डॉक्टर आधी ताप बघतात का ते पाहा. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, त्याखाली गेलं तर आधी ऊब द्यावी लागते. वेदनाशामकाचं विचारायला विसरू नका, दुखत असताना ससा खात नाही. पोट ताठ फुगलेलं असेल तर तपासल्याशिवाय सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका, आत अडथळा असला तर अंगाशी येईल.

पोट हाताला कसं लागतंय, शेवटच्या लेंड्या कधी आणि केवढ्या होत्या, आणि काल नेमकं कोणतं इंजेक्शन दिलं, ते इथे लिहा. इंजेक्शनचं नाव माहीत नसेल तर त्या दवाखान्यात फोन करून विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना ते लागेलच.