हेवी लायसन्स आहे, पण गाडी कोण देणार?

हेवी लायसन्स, म्हणजे ट्रकसारख्या जड गाड्यांचं लायसन्स, काढलेली मुलं स्वतःहून माझ्याकडे समुपदेशनाला फारशी येत नाहीत. येतात त्यांच्या आया. "दिवसभर झोपतोय, बोललं की अंगावर येतोय, हातातला मोबाइल सुटत नाही," अशी तक्रार असते. मुलाशी बोलायला बसलं की खालून निघतो तो प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो. ट्रेनिंग केलं, लायसन्स मिळालं, जिकडे तिकडे 'ड्रायव्हर पाहिजे'चे बोर्ड आहेत, मग मलाच कोणी गाडी का देत नाही?

कराडच्या बाजूच्या एका मुलाचं सांगते. त्याला सागर म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय बावीस. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पतसंस्थेचं कर्ज काढून त्याला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं होतं. "लायसन्स हातात पडलं की नोकरी पक्की," असं स्कूलवाल्यानं सांगितलेलं. लायसन्स हातात पडलं. मग कराड, सातारा, शिरोली असं करत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांतून फिरणं सुरू झालं आणि प्रत्येक टेबलावर तोच सवाल आला, "अनुभव किती?" गावात कोणी विचारलं की तो "पुढच्या महिन्यात जॉइन होतोय" म्हणायचा. नंतर त्यानं पारावर जाणंच सोडलं.

"मॅडम, माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा," तो म्हणाला.

सगळ्या नकारांची बेरीज त्यानं डोक्यात करून ठेवली होती. मी म्हटलं, बेरीज राहू दे, एकच नकार सांग, गेटमधून आत गेल्यापासून. बराच वेळ गप्प बसून तो बोलला. एका मालकानं दहा टायरी गाडीची चावी दिली आणि गोडाऊनला मागं लावायला सांगितलं. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा तिरकी लागली. मालक रागावला नाही. चावी परत घेतली आणि "फोन करतो" म्हणाला. तिथले हमाल हसले, असं सागर सांगत होता. खरंच हसले का, विचारल्यावर म्हणाला, "बघितलं नाही मी. खाली मान घालून आलो."

मग आम्ही कागद घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हेवी गाडीचं प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान 15 तास असावे लागतात. सागरचे पंधरा तास कसे गेले? रिकामी जुनी गाडी, सपाट रस्ता, दिवसाउजेडी, शेजारी सर. भरलेली गाडी एकदाही नाही. घाट नाही. रात्र नाही. गोडाऊनला मागं लावणं तर नाहीच. "म्हणजे स्कूलनं फसवलं?" तो लगेच म्हणाला. फसवलं नोकरीच्या आश्वासनात. शिकवायचं तेवढं शिकवलं होतं, पण ते लायसन्सच्या परीक्षेपुरतं होतं. कायद्यानं अनुभवाची अट नाही. अट घालतो मालक, आणि ती का घालतो हे सागरला कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायला मी एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टरला अर्धा तास मागितला. नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं, असं दोघांशीही ठरवून घेतलं. (असा 'न मागण्याच्या' भेटीचा उपाय मी बऱ्याचदा वापरते. मागायचं नसलं की मुलांची मान वर राहते.) ते गृहस्थ मोकळे होते. म्हणाले, "गाडी चाळीस लाखांच्या घरातली, हप्ता बँकेचा, माल पार्टीचा. तू क्लच जाळलास तर खर्च माझा, माल भिजला तर भरपाई माझी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना कोणी डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली की काय होतं ते पेपरात वाचतोस ना? ड्रायव्हर मिळत नाहीत हे खरंय. पण रात्री दोनला खंबाटकी घाटात गाडी बंद पडून उभी राहिली, तर मला फोन करायच्या आधी मागं दगड लावून, इंडिकेटर चालू करून, त्रिकोण ठेवणारा माणूस मिळत नाही."

परत येताना सागर म्हणाला, "म्हणजे ते मला नाही म्हणत नव्हते, माहीत नसलेल्या माणसाला नाही म्हणत होते." हे त्याचं त्यालाच सापडलं हे बरं झालं. मी सांगितलं असतं तर ती समजूत वाटली असती.

पुढचा पेच घरात होता. त्या ट्रान्सपोर्टरनं सुचवलं, सहा महिने एखाद्या उस्तादाबरोबर, म्हणजे जुन्या ड्रायव्हरबरोबर, क्लीनर म्हणून जा. हे ऐकून आप्पा भडकले. "लायसन्सवाला क्लीनर? त्यासाठी कर्ज काढलं मी?" आईची काळजी आणखी वेगळी. आधीच ड्रायव्हरला मुलगी द्यायला लोक नाकं मुरडतात, त्यात क्लीनर. दोघांना बसवून बोलले. आप्पांचा राग मला पूर्ण चुकीचा वाटला नाही. क्लीनर म्हणून ठेवून वर्षभर काचा पुसून घेणारे आणि स्टिअरिंगला हातही लावू न देणारे लोक आहेत. म्हणून जायचंच तर आधी मालकासमोर बोलून घ्यायचं: पगार किती, भत्ता किती, उस्ताद कोण, आणि रिकाम्या परतीला गाडी माझ्या हातात कधीपासून. याचं उत्तर "बघू" असेल तर दुसरा दरवाजा.

सागरला तसा उस्ताद मिळाला नाही. त्याला दुसरी वाट मिळाली, जी त्यानं आधी स्वतःच नाकारली होती. कराडच्या एका व्यापाऱ्याला छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, चालवायला माणूस हवा होता. "हेवी काढून छोटा हत्ती?" असं तो दोनदा बोलला. ती गाडी तर साध्या चारचाकीच्या लायसन्सवर चालते. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्टच केलं आहे. मग हेवीचा उपयोग काय? उपयोग नंतर. आत्ता त्याला हवं होतं ते त्या छोट्या गाडीत होतं. बोळात मागं घेणं, ताडपत्री नीट आवळणं, ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तपासणं, माल मोजून देऊन पोहोचवर सही घेणं, पार्टीनं आवाज चढवला तरी आपला न चढवणं. आणि मुख्य म्हणजे, त्याच्याबद्दल फोनवर चार शब्द बोलेल असा एक मालक. या धंद्यात अर्ज वाचून गाडी देणारा मला अजून भेटलेला नाही. विचारपूस करून देणारे भेटलेत.

मधल्या काळात एक एजंट त्याला भेटला होता. आखातात ट्रकवर लावतो, आधी पैसे भरा. तिथं बहुतेक ठिकाणी त्यांचं लायसन्स नव्यानं काढावं लागतं आणि एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला असावा लागतो, एवढं कळल्यावर सागरनं पैसे भरले नाहीत. दुसरी गोष्ट सगळ्यांसाठीच सांगते: मूळ लायसन्स मालकाकडं 'ठेवायला' देऊ नका. झेरॉक्स द्या. नोकरी सोडताना ते अडकवून ठेवल्याची प्रकरणं माझ्यापर्यंत आली आहेत.

आयांसाठीही एक. मुलगा नोकरी नाही म्हणून उदास आहे की त्यापलीकडं गेलंय, हे मी दर भेटीत विचारते. झोप, जेवण, दारू, आणि जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का, हेसुद्धा थेट. दोन आठवडे हे सतत चालू असेल तर नोकरीची वाट बघत थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सागरच्या बाबतीत ती वेळ आली नाही. कामावर जायला लागल्यावर झोप आपोआप ताळ्यावर आली.

आता तो त्याच व्यापाऱ्याच्या ओळखीनं एका ट्रान्सपोर्टमध्ये चौदा फुटी आयशर चालवतो, कराड ते चाकण. दहा टायरी अजून मिळालेली नाही. त्याचं लक्ष आता टँकरकडे लागलंय, तिथं पैसे बरे मिळतात म्हणून. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करावी लागते. त्याची फी कोणी भरायची, यावरून त्याचं आणि आप्पांचं सध्या वाजलंय.