अठरा माणसांचं लग्न आणि बाबांची आहेराची वही

‘मुलीनं लग्न एवढंसं करायचं ठरवलंय. आमचं काही चुकलं का?’ हा प्रश्न घेऊन आई-वडील समुपदेशनासाठी माझ्याकडे आता वरचेवर येतात. त्यातल्याच एका घराची ही हकिगत. त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

घर इंदूरच्या लोकमान्यनगरातलं. बाबा निवृत्त, आई गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या, घरात ऐंशी ओलांडलेली आजी. एकुलती एक लेक स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नोकरीला. मुलगा तिथलाच, सगळ्यांना पसंत होता. अडलं ते लग्नावर. ॲबरडीनच्या दक्षिणेला, साधारण २४ किलोमीटरवर स्टोनहेवन नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. तिथे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उघड्यावर, दोन्हीकडची मिळून १८ माणसं. अंगावर जाड कोट, पायात बूट, आणि नंतर बंदराजवळ बसून गरम सूप नि जेवण. पत्रिका नाही, हॉल नाही, बँड नाही.

बाबांची पहिली शंका कायद्याची होती. ‘वाळूवर उभं राहून लावलेलं लग्न धरतात तरी का?’ लेकीनं सगळं नीट विचारून ठेवलं होतं. स्कॉटलंडमध्ये लग्नाला अमुकच इमारत लागते असं नाही, विधी लावणारी व्यक्ती मात्र अधिकृत हवी. वधू-वरांनी आपापला अर्ज निबंधकाकडे निदान २९ दिवस आधी पोहोचवायचा, विधीच्या वेळी निदान १६ वर्षांचे दोन साक्षीदार हवेत आणि सह्या झालेला कागद तीन दिवसांत परत द्यायचा. हे ऐकून बाबा शांत झाले. आई झाल्या नाहीत.

‘थंडी किती असेल तिथे! चारलाच अंधार!’ हे खरंच होतं. तिकडे त्या दिवसांत साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून विधी दुपारी एकच्या आत उरकायचा होता. पण त्यांच्या प्रत्येक तक्रारीला असं उत्तर मिळत गेलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. तेव्हा मी त्यांना म्हटलं, ‘लेकीच्या लग्नाचा दिवस तुम्ही इतकी वर्षं मनात बघितला असेल. त्यात तुम्ही स्वतः काय करत होतात, तेवढंच सांगा.’

त्या बराच वेळ बोलल्या. पहाटे उठून हळद कालवणं. मंगळाष्टकं स्वतः म्हणणं. दोन कडवी त्यांनी लेक शाळेत असतानाच रचून ठेवली होती. रुखवतासाठी कपाटात जपलेलं विणकाम. ओटी भरणं. झालीच्या वेळी लेकीला व्याह्यांच्या हवाली करणं. मी हे सगळं कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. चारशे माणसांशिवाय अडेल असं त्यात एकही काम नव्हतं. लग्न लहान झालं याचं त्यांना तितकं दुःख नव्हतं. त्या लग्नात आपल्या हाताला काही कामच उरलं नाही, हे त्यांना सलत होतं. आणि लेकीशी त्या महिनाभर भांडत होत्या ते पाहुण्यांच्या आकड्यावरून. लेकीला वाटे, आईला मुलगाच मनातून नको आहे.

हे मी फार घरांत पाहिलं आहे. आकड्यावर बोलणं सोपं असतं. ‘मला तुझ्या लग्नात काहीतरी करायचंय गं’ हे म्हणताना आईचा गळा दाटतो, म्हणून ती ‘निदान शंभर माणसं तरी बोलव’ म्हणते. मी त्यांना दोनच गोष्टी मागायला सांगितल्या, दहा नाही. त्यांनी अंतरपाट आणि मंगळाष्टकं मागितली. लेक फोनवर रडायलाच लागली. तिथे वधू-वरांच्या हातांना कापडाची गाठ बांधायची जुनी रीत आहे आणि ते कापड कोणाकडून मागावं, हे ती आईला विचारू धजत नव्हती. आईंनी आपलं पैठणीचं उपरणं दिलं.

बाबांचं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला जास्त अवघड वाटलं. एका भेटीत त्यांनी पिशवीतून आहेराची वही काढली. तीस वर्षांत कोणाच्या लग्नात काय घेतलं, काय दिलं, कुठे कुटुंबासह जेवलो, सगळं सुवाच्य अक्षरात. ‘या लोकांना मी कुठल्या तोंडानं भेटू?’ गावकीचा हा हिशेब खोटा नसतो. आपल्या मराठी घरांनी इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून ठेवलं ते अशाच जाण्यायेण्यावर. पण तो हिशेब बाबांचा होता. लेकीनं तो आपल्या लग्नात का फेडावा, हे मी त्यांना विचारलं. ते गप्प बसले. आजी मात्र बोलल्या, ‘आपल्या इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी १९२८ साली अमेरिकेच्या बाईंशी लग्न केलं, तेव्हाही लोक बोललेच. महिना कोणता आहे? मार्गशीर्ष ना? मग होऊ द्या.’

शेवटी बाबांनी माघात घरच्या लोकांसाठी गोडाचं जेवण ठेवलं आणि निरोपातच कळवलं की आहेर घेणार नाही. हा निर्णय त्यांना फार जड गेला. त्या जेवणात पुन्हा लग्न लावायचं नाही, लेक-जावई आले तर ठीक, नाहीतर जेवण तरी होईलच, इतकं स्पष्ट ठरलं होतं.

स्टोनहेवनला वारा इतका होता की अंतरपाट दोघांनी दोन्ही हातांनी ताणून धरावा लागला. मंगळाष्टकं ऐकू येईनात म्हणून सगळे जवळ सरकून उभे राहिले. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, त्यामुळे पेढ्यांऐवजी इंदूरची शेव गेली. साक्षीदारांपैकी एक सही बाबांची आहे.

एक मात्र मी अशा पालकांना नेहमी आधीच विचारते. लहान लग्नात तुम्हाला बोलावलंय ना? बोलावलंच नसेल, किंवा मूल भीतीपोटी लपवून लग्न करत असेल, तर ती गोष्ट निराळी आहे. तिथे अंतरपाटाच्या मागणीनं काही साधत नाही. आधी नात्यात काय तुटलं ते बघावं लागतं.

या घरात सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबांचे थोरले बंधू माघातल्या जेवणाला आले नाहीत, अजून बोलत नाहीत. सध्या आमच्या भेटींत त्याचाच विषय असतो.